मुन्शी गफ्फार बेग यांनी शाळेत परत पाठवलेला मुलगा : महात्मा जोतिराव फुले

महात्मा फुले हे नाव आपल्याला नवीन नाही. मुलांच्या पाठ्यपुस्तकात त्यांचा धडा असतो. ११ एप्रिलला जयंती आणि २८ नोव्हेंबरला पुण्यतिथी साजरी होते. फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि आपण घरी येतो. मुलींची शाळा काढणारे समाजसुधारक, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांच्या मनात राहते.

पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. माणूस जन्माने उच्च-नीच नसतो, सरकार रयतेच्या पैशावर चालतं म्हणून ते रयतेला हिशेब देणं लागतं, शिक्षण हे दान नसून हक्क आहे, हे विचार पुण्यातल्या एका फुलमाळ्याच्या मुलाच्या डोक्यात आले कुठून? उत्तर शोधायला गेलं की दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे सात समुद्रापलीकडे लिहिलेलं एक पुस्तक. दुसरी म्हणजे शेजारी राहणारे एक मुसलमान शिक्षक. ते शिक्षक नसते, तर ते पुस्तक जोतिरावांच्या हातात पडलंच नसतं.

शाळा सुटली आणि परत मिळाली

जोतिरावांचा जन्म १८२७ चा. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी फुलं पुरवण्याचं काम मिळालं आणि लोक फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. जोतिराव जेमतेम वर्षाचे असताना आई गेली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं.

सातव्या वर्षी ते मराठी शाळेत जाऊ लागले. मुलगा हुशार होता. पण दुकानातल्या एका कारकुनाने गोविंदरावांच्या कानात भरवलं की माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, शिकला तर शेतीला निरुपयोगी होईल. वडिलांना ते पटलं. साधारण अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून काढला गेला आणि हातात खुरपं आलं. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचं लग्नही झालं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आयुष्य ठरून गेलं होतं.

दिवसभर मळ्यात काम करून हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात वाचत बसायचा. हे शेजारच्या गफ्फार बेग मुन्शी यांच्या नजरेत आलं. मुन्शीजी उर्दू आणि फारसी शिकवायचे. त्यांनी मुलाशी बोलून पाहिलं आणि अशी बुद्धी मातीत घालू नये म्हणून थेट गोविंदरावांना गाठलं. त्यांच्याबरोबर लिजिट नावाच्या एका इंग्रज साहेबांनीही शब्द टाकला. दोघांनी समजावल्यावर बापाचं मन वळलं. १८४१ मध्ये जोतिराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. तीन वर्षं मागे पडलेल्या मुलाने १८४७ पर्यंत तिथलं शिक्षण पूर्ण केलं.

या शाळेत त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे असे मित्र मिळाले. त्यातले बरेच ब्राह्मण होते, हेही लक्षात ठेवायला हवं. जोतिरावांची लढाई जन्माने मोठेपणा देणाऱ्या व्यवस्थेशी होती. माणसांशी त्यांची मैत्री शेवटपर्यंत राहिली.

थॉमस पेन यांचं पुस्तक

१८४७ च्या सुमारास या मित्रमंडळीने एक इंग्रजी पुस्तक वाचलं. त्याचं नाव ‘राइट्स ऑफ मॅन’, म्हणजे माणसाचे हक्क. लेखक थॉमस पेन.

हा पेन कोण, ते थोडं समजून घेऊ. १७३७ मध्ये इंग्लंडमधल्या थेटफर्ड या गावी एका कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. फार शिक्षण नाही. काही काळ अबकारी खात्यात नोकरी केली, ती गेली. १७७४ मध्ये तो अमेरिकेला पोहोचला. तेव्हा अमेरिका इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होती. जानेवारी १७७६ मध्ये पेनने ‘कॉमन सेन्स’ नावाची छोटी पुस्तिका काढली. राजाची गरजच काय, असा सरळ सवाल त्यात होता. भाषा साधी, बाजारात बोलतात तशी. ती घरोघरी वाचली गेली आणि त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं.

पेन काही एकटा नव्हता. त्याच्या आधी शंभर वर्षं युरोपात ही घुसळण चालू होती. इंग्लंडच्या जॉन लॉकने मांडलं की राजाची सत्ता वरून उतरत नाही, लोकांच्या संमतीने ती येते आणि राजा जुलमी झाला तर लोक त्याला हटवू शकतात. फ्रान्सच्या माँटेस्क्यूने १७४८ मध्ये सांगितलं की कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा हे तिघे वेगळे हवेत, नाहीतर जुलूम ठरलेला. व्होल्तेर धर्माच्या नावावर होणाऱ्या छळाविरुद्ध लिहीत राहिला. रूसोने १७६२ मध्ये राज्य हा लोकांचा आपसातला करार आहे असं म्हटलं. या काळाला ज्ञानोदयाचा किंवा प्रबोधनाचा काळ म्हणतात. त्यातूनच पुढे फ्रेंच क्रांती झाली आणि ऑगस्ट १७८९ मध्ये माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा आला.

इंग्लंडमध्ये एडमंड बर्क या पुढाऱ्याने या क्रांतीवर कडक टीका केली. त्याला उत्तर म्हणून पेनने १७९१ आणि १७९२ मध्ये दोन भागांत ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. त्यातले मुद्दे आपल्या आजीलाही पटतील इतके सोपे आहेत. बाप गणिती होता म्हणून मुलगा जन्मतः गणिती होत नाही, मग राजाचा मुलगा जन्मतः राजा कसा? मेलेल्या पिढ्यांनी केलेले नियम जिवंत माणसांना कायमचे कसे बांधू शकतील? निर्मात्याने सगळ्यांना सारखं घडवलं, तर मध्येच हे वरचे आणि खालचे कोणी ठरवले? आणि सरकार कर घेतं, तर त्या पैशातून गरिबाच्या मुलांचं शिक्षण आणि म्हाताऱ्यांचा आधार का होऊ नये?

इंग्रज सरकारला हे पचलं नाही. पेनवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. तोवर तो फ्रान्सला निघून गेला होता. तिथे त्याला लोकांच्या सभेत निवडून दिलं. पण राजाला फाशी देऊ नका, असं म्हटल्यावर तिथल्या क्रांतिकारकांनीही त्याला तुरुंगात टाकलं. १८०९ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला, तेव्हा मातीला मोजकीच माणसं होती.

ज्या राज्याने या माणसावर खटला भरला, त्याच राज्याच्या अमलाखालच्या पुण्यात पन्नासेक वर्षांनी त्याचं पुस्तक वीस वर्षांचा एक तरुण वाचत होता.

पुण्यात त्या विचाराचं काय झालं

पुस्तक वाचून शहाणा झालेला माणूस पुष्कळदा तिथेच थांबतो. जोतिराव थांबले नाहीत, कारण पुस्तकातली गोष्ट लगेच अंगावर आली. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालत होते. माळ्याचा मुलगा आपल्या बरोबरीने चालतो म्हणून कोणीतरी त्यांना सगळ्यांसमोर अपमान करून बाहेर काढलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर वडील म्हणाले की पेशवाई असती तर याहून वाईट शिक्षा झाली असती, एवढ्यावर सुटलास हेच नशीब.

त्याच वर्षी गोवंडे यांच्याबरोबर ते अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेले. तिथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून परतल्यावर १८४८ मध्येच पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांना जोतिरावांनीच शिकवलं होतं. त्या शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक शेण आणि चिखल फेकत.

पेनने राजाबद्दल जे विचारलं, ते जोतिरावांनी जातीबद्दल विचारलं. जन्माने राजा नाही, तर जन्माने पुरोहित कसा आणि जन्माने अस्पृश्य तरी कसा? जुनी पोथी जिवंत माणसाला पाणी प्यायला मनाई कशी करू शकते? युरोपात राजाविरुद्ध वापरलेलं हत्यार त्यांनी आपल्या मातीत वेगळ्या कामाला लावलं.

आणि ते एका बाबतीत आपल्या गुरूंच्याही पुढे गेले. माणसाच्या हक्कांबद्दल लिहिणाऱ्या युरोपातल्या बहुतेक विद्वानांच्या डोळ्यासमोर पुरुषच होता. मेरी वोलस्टोनक्राफ्ट या इंग्रज बाईंना १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी वेगळं पुस्तक लिहावं लागलं, ते उगाच नाही. स्वातंत्र्याचा इतका अभ्यास करणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांच्या व्यापारात गुंतलेले होते. अमेरिकेच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान होती, पण शेतात गुलाम राबत होते. जोतिराव मात्र हक्कांबद्दल लिहिताना स्त्री आणि पुरुष हे दोन्ही शब्द आवर्जून बरोबर लिहायचे.

फातिमा शेख आणि गंज पेठ

शाळेमुळे समाजात ओरड झाली. वडिलांवर दबाव आला आणि १८४९ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. अशा वेळी गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं चरित्रकार सांगतात. फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शाळेच्या कामात होत्या. फातिमा खरंच होत्या का, असा वाद अधूनमधून समाजमाध्यमांवर उठतो. त्याला उत्तर सावित्रीबाईंनीच देऊन ठेवलं आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी, आजारपणात माहेरी नायगावला असताना, त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. आपण नाही म्हणून फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. मैत्रिणीबद्दल काळजीने लिहिलेली ती साधी ओळ आहे. तिच्यातूनच कळतं की शाळेचा भार फातिमा उचलत होत्या.

मुन्शीजी, उस्मान शेख, फातिमा. जोतिरावांच्या आयुष्याच्या नाजूक वळणांवर ही नावं येतात. त्यांनी काही मोठी भाषणं केली नाहीत. एकाने दार ठोठावलं, एकाने दार उघडलं आणि एकीने वर्ग सांभाळला.

विहीर, बाळं आणि रात्रशाळा

पुढचं काम सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८५१-५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला. १८५५ मध्ये दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा सुरू झाली. १८६३ मध्ये विधवांच्या बाळंतपणासाठी आणि बाळांच्या रक्षणासाठी घर उघडलं. तिथेच जन्मलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, या निपुत्रिक जोडप्याने दत्तक घेतलं. त्याला डॉक्टर केलं. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

१८७३ हे मोठं वर्ष. त्या वर्षी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामी बंद झाली होती. ज्या अमेरिकन लोकांनी त्यासाठी झीज सोसली, त्यांना जोतिरावांनी हे पुस्तक अर्पण केलं. माळ्याच्या घरात जन्मलेला माणूस काळ्या गुलामांचं दुःख आणि आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं दुःख एका रांगेत ठेवून पाहत होता. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. देव एकच, त्याला जोतिराव निर्मिक म्हणत, आणि माणूस व निर्मिक यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा पाया. आपल्या वाचकांना ही गोष्ट फार परकी वाटणार नाही.

जोतिरावांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर ‘मानव महंमद’ ही रचना केली. प्रेषितांनी उच्च-नीच मोडून सगळ्यांना एका पंगतीत आणलं, याचं त्यांना मोठं अप्रूप होतं. पण म्हणून मुसलमान राज्यकर्त्यांना त्यांनी सवलत दिली नाही. ऐषआरामात बुडून त्यांनी रयतेच्या गुलामगिरीकडे डोळेझाक केली, असा ठपका त्यांनी ठेवला. इंग्रजी राज्याकडून त्यांनी फार अपेक्षा ठेवल्या, अशी टीका जोतिरावांवरही होते आणि तिच्यात तथ्य आहे. तरी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांची बेफिकिरीही त्यांनी सोडलेली नाही.

हंटर साहेबांपुढचं निवेदन

१८७६ पासून काही वर्षं जोतिराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचं ठरलं. जोतिरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा करदात्यांचा आहे, तो शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव तरीही मंजूर झाला. पण सार्वजनिक पैसा कुणाचा आणि कशासाठी, हा सवाल नोंदवला गेला.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग आला. त्यापुढे जोतिरावांनी सविस्तर निवेदन दिलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोलाचं कागद आहे. त्यात त्यांनी हिशेब मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी समाजातून तयार करा. त्यांचा पगार किमान बारा रुपये तरी हवा, म्हणजे चांगली माणसं या कामात येतील. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञानही द्या.

याच निवेदनात आपल्याबद्दलही दोन ओळी आहेत. मुसलमान मुलं काही कारणाने सरकारी शाळांपासून लांब राहतात, देशभाषेकडे त्यांचा ओढा नाही, इंग्रजी शाळेतही ती जात नाहीत, त्यांच्या भाषेच्या शाळा मोजक्याच आहेत, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं. त्यात हिणवणं नव्हतं. जे जे मागे राहिले, त्या सगळ्यांची यादी ते सरकारपुढे ठेवत होते आणि त्या यादीत आपणही होतो.

सक्तीच्या शिक्षणाची ती मागणी इंग्रजांनी मान्य केली नाही. ती देशभर कायदा म्हणून अमलात आली १ एप्रिल २०१० रोजी. १८८२ पासून मोजा, १२८ वर्षं लागली.

गिरणी कामगार आणि रविवारची सुट्टी

बोईसरमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. तारापूर एमआयडीसीत पाळी संपवून माणूस घरी येतो आणि आठवड्याची सुट्टी घेतो, तेव्हा ती सुट्टी कुठून आली हे क्वचितच कुणाच्या मनात येतं. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये तेव्हा पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला मनाई करत होता. म्हणजे आठ वर्षांचं पोर यंत्रासमोर उभं राहू शकत होतं.

जोतिरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा घेतली आणि हजारो सह्यांचा अर्ज सरकारला दिला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार, अपघात झाला तर भरपाई, या त्यातल्या मागण्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हेच लोखंडे १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर दोन्ही समाजांना एकत्र आणायला राणीच्या बागेत सभा घेताना दिसतात. जोतिरावांच्या मांडवातून असे कार्यकर्ते तयार झाले. माणसाचा हक्क हा पुस्तकातला शब्द त्यांनी गिरणीच्या भोंग्यापर्यंत नेला.

आपल्या जिल्ह्यात हा विचार कसा पोहोचला

जोतिरावांच्या काळात पालघर जिल्हा नव्हता. हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. इथली मोठी दुखरी जागा होती वेठबिगार. वारली आणि इतर आदिवासींना जमीनदाराकडे फुकट राबावं लागायचं. ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कर्ज, निरक्षरता आणि सावकारी यांचं जे चक्र लिहिलं आहे, ते इथल्या जंगलपट्टीत अगदी तसंच फिरत होतं.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. हा सगळा लढा त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. जोतिरावांच्या रात्रशाळेमागेही हाच विचार होता. पोटासाठी राबणाऱ्याला शाळेची वेळ जमत नसेल, तर शाळेनेच वेळ बदलावी.

त्याआधी, १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण शहीद झाले. त्यांच्या स्मृतीचा हुतात्मा चौक आपण रोज ओलांडतो. सत्ता लोकांच्या संमतीने चालते, हे लॉकने कागदावर लिहिलं होतं. पालघरच्या माणसांनी ते रस्त्यावर रक्ताने सांगितलं.

अखेरचे दिवस

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी जोतिरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे शेवटचं पुस्तक पूर्ण केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापून आलं. त्यात एका कुटुंबाची कल्पना आहे. बाईने बुद्धाचा धर्म स्वीकारला, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती झाला, मुलगी कुराण वाचून मुसलमान झाली, मुलगा सत्यधर्म मानू लागला. तरी सगळ्यांनी एका घरात गोडीने राहावं, कुणी कुणाचा द्वेष करू नये. आज प्रत्येक घरावर आणि प्रत्येक लग्नावर धर्माच्या नावाने संशय घेतला जातो. अशा काळात हे पान पुन्हा उघडायला हवं.

आपल्याला मिठात घालून घरामागे दफन करावं, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहिली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही आणि शेवटी दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत मडकं धरण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. त्या काळात बाईने असं करणं ऐकिवात नव्हतं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोतिरावांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानलं आणि राज्यघटनेत समान हक्क लिहिले गेले, तेव्हा भिडे वाड्यापासून चालत आलेली वाट देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचली.

आता आपलं काय

आपल्या भागात आजही आठवी झाली की मुलगा कंपनीत हेल्पर म्हणून लागतो. पालघर किंवा बोईसरला जायला गाडी नीट नाही, म्हणून मुलीची शाळा सुटते. घरी पैशाची गरज असते, हे खरंच आहे. गोविंदरावही वाईट बाप नव्हते. त्यांनाही मळ्यात हात हवा होता. कारकुनाचं बोलणं त्यांना व्यवहाराचं वाटलं.

जोतिरावांनी मागितलेल्या गोष्टी आज कायद्यात आहेत, पण मागितल्याशिवाय त्या हातात येत नाहीत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्षाच्या मध्ये दुसरीकडून आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं. एमआयडीसीत कामासाठी परराज्यातून आलेल्या कुटुंबांना हे माहीत नसतं, त्यांना सांगा. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. शाळेच्या पैशाचा हिशेब विचारायची ती जागा आहे. पुणे नगरपालिकेत जोतिरावांनी जो सवाल केला, तो तुम्ही तिथे करू शकता. आपल्या अम्मी, खाला, भाभी त्या समितीत किती आहेत, हे जमातीच्या पुढच्या बैठकीत जरूर मोजा.

आणि आपल्या मोहल्ल्यात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच, जिची शाळा याच वर्षी सुटली आहे. तिच्या अब्बांना भेटायला कायदा लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. गफ्फार बेग मुन्शींनी केलं ते एवढंच होतं. संध्याकाळी शेजाऱ्याकडे गेले, बसले आणि मुलाला परत शाळेत घाला म्हणाले.